पितळी पातेले आणि बाळाचे यकृत

इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढे चटकन उभे राहतात ते तह, लढाया, वाडे आणि कागदपत्रे. ज्या शहरात पेशव्यांचे दफ्तर आहे त्या शहरातील श्रोत्यांना तर याची सवयच आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, तिच्यासाठी कोणी दफ्तर ठेवले नाही. ती वस्तू म्हणजे दूध तापवावयाचे पितळी पातेले. एखाद्यास वाटेल, पातेल्याचा कसला आला आहे इतिहास? परंतु या पातेल्याशी हजारो तान्ह्या मुलांचे जगणे-मरणे जोडले गेले होते. जवळजवळ शंभर वर्षे ज्या रोगाने भल्याभल्या डॉक्टरांना चकविले, त्याचा धागा अखेर स्वयंपाकघरातील फळीवर सापडला. आणि तो हाती लागला त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे, म्हणून ही हकीकत पुणेकरांस ठाऊक असली पाहिजे.

सुरुवात कसब्यापासून करू. कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. शहाजीराजांच्या जहागिरीतील या उजाड झालेल्या गावी जिजाबाई बाल शिवाजीराजांसह आल्या, लाल महाल उभा राहिला, कसबा गणपती ग्रामदैवत झाला, आणि पुणे पुन्हा नांदू लागले. पुढे पेशवाईत पुणे हे राज्यकारभाराचे ठिकाण झाल्यावर कारागिरांच्या आळ्याच्या आळ्या भरून गेल्या. त्यांपैकी तांबट आळी. तांबट मंडळी मूळची कोकणातील, पेशवाईच्या आश्रयाने ती येथे स्थिरावली, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. तांब्याचा पत्रा तापवून, ठोकून, त्यास गोलाई आणून, वर मठारणीने एकसारख्या टिचक्या मारून ते भांडे चमकवितात. हेच त्यांचे प्रसिद्ध मठारकाम. बंब, घंगाळे, हंडे, कळश्या, तांबे हे सारे या हातोड्याखालून निघाले. आजही आळीत शिरले म्हणजे त्या ठोक्यांचा नाद कानी पडतो, जरी ठोकणारे हात पूर्वीच्या मानाने फार थोडे उरले आहेत.

पेठांतील दुकानांतून तांब्याच्या बरोबरीने पितळही विकले जाई. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. त्यात तांब्याचा भाग अर्ध्याहून अधिक. लेकीच्या लग्नात भांडी द्यावयाची चाल आपल्याकडे सर्वत्र. त्या भांड्यांवर नाव कोरलेले असे, ती सासरी जात, आणि सुनेच्या हातून नातसुनेच्या हाती येत. पितळी भांड्यांनी भरलेली फळी ही मध्यम स्थितीतल्या घराची अब्रू होती. अडीअडचणीला तीच भांडी गहाण पडत आणि दिवस पालटले की सोडवून आणली जात.

आता या भांड्यांना एक पथ्य होते, ते म्हणजे कल्हईचे. दारावर कल्हईवाला येई, भाता मांडी, भांडे निखाऱ्यांवर लाल करी, त्यात नवसागराची पूड टाकी, कथिलाचा तुकडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने तो रस आतून सर्वत्र पसरी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि काळवंडलेले पातेले आतून रुप्यासारखे लखलखू लागे. हा नुसता शृंगार नव्हता. तांबे वितळावयास १०८५ अंश उष्णता लागते, कथील २३२ अंशांवरच वितळते. म्हणूनच हा पातळ पडदा चढविणे सोपे जाते. या पडद्यामुळे अन्नाचा आणि तांब्याचा प्रत्यक्ष संबंध तुटतो. ताक, चिंचेची आमटी, लिंबाचे सार असे काही उघड्या पितळेत राहिले तर ते कळकते, हे आपल्या आज्यापणज्यांना पक्के ठाऊक होते. ‘कळकणे’ हा मराठी शब्दच या अनुभवातून रूढ झालेला आहे. कळकलेले अन्न जिभेला कळते, डोळ्यांना हिरवट दिसते, आणि कोणी खाल्लेच तर पोटात मळमळून ते बाहेर पडते. म्हणजे आंबटाच्या बाबतीत धोक्याची सूचना मिळण्याची व्यवस्था होती.

दुधाच्या बाबतीत मात्र तशी काही सूचना मिळत नसे. दूध आंबट नाही, ते हिरवे पडत नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत आमटीच्या पातेल्याला कल्हई असे आणि दुधाचे पातेले उघड्या पितळेचेच असे. शिवाय कथील आपल्या देशात फारसे निघत नाही, ते मलायासारख्या दूरच्या मुलखातून यावयाचे, म्हणून कल्हई हा काटकसरीच्या घरात लांबणीवर टाकण्याजोगा खर्च. राखेने घासून घासून होती ती कल्हईही झिजे. या लहानशा फटीतून एक मोठा अनर्थ घरात शिरला.

तो अनर्थ असा. वर्ष-दीड वर्षाचे, चांगले खेळते मूल हळूहळू किरकिरे होई. त्याची भूक मंदावे, बारीक ताप राही, पोट मोठे दिसू लागे. वैद्याने पोटावर हात ठेवला तर उजव्या बरगडीखाली यकृत दगडासारखे टणक आणि त्याची कड धारदार लागे. मग डोळे पिवळे होत, पोटात पाणी भरे, आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. सहा महिने ते पाच वर्षे हे या रोगाचे वय, त्यातही पहिल्या तीन वर्षांत तो अधिक. कित्येक घरांत एका पाठोपाठ एक अशी भावंडे याच वाटेने गेली. ज्या आईची अशी दोन मुले गेली तिच्याकडे घरचे व शेजारचे कोणत्या नजरेने पाहत असतील हे सांगण्याची गरज नाही.

या रोगाची शास्त्रीय नोंद प्रथम १८८७ साली कलकत्त्यास डॉ. सेन यांनी केली. पुढे बंगाल, मद्रास, पंजाब, कर्नाटक, महाराष्ट्र अशा निरनिराळ्या भागांतून त्याची वर्णने येऊ लागली. हिंदुस्थानाबाहेर तो सहसा आढळत नसल्यामुळे त्याचे नावच ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ असे पडले. १९५५ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या उपसमितीने त्याचा एकत्रित आढावा घेतला. कारणाविषयी मात्र मतामतांचा गलबला होता. कोणी म्हणे आनुवंशिक दोष, कोणी म्हणे विषाणू, कोणी आहारातील प्रथिनांच्या उणिवेवर बोट ठेवी, तर कोणी धान्यावरील बुरशीच्या विषावर. रोगी बहुधा मध्यम स्थितीतील, शाकाहारी, हिंदू घरांतले असत, म्हणून शाकाहारासही दोष देण्यात आला. पण यांपैकी कोणतेही एक कारण सर्व गोष्टींचा उलगडा करीना. अगदी गरिबांच्या झोपडीत, जेथे उपासमार अधिक, तेथे हा रोग कमी का? हा प्रश्न तसाच राहिला.

पहिला धागा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. १९७८-७९ च्या सुमारास या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवून पाहिले, तेव्हा पेशींत गडद तपकिरी कण विखुरलेले दिसले. असे कण तांब्याशी निगडित प्रथिनांचे असतात. मागोमाग तांब्याचे प्रत्यक्ष मापन झाले. १९७९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांच्या लेखकांत लंडनच्या तज्ज्ञांबरोबर पुण्याचे डॉ. आनंद पंडित हेही होते. निरोगी प्रौढाच्या वाळलेल्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांच्या यकृतात ते हजारांच्या घरात भरले. तांब्याचा एवढा साठा पूर्वी फक्त विल्सन यांनी १९१२ साली वर्णिलेल्या आनुवंशिक रोगासारख्या एखाद्या विकारातच दिसत असे. पण विल्सनच्या रोगाच्या इतर खुणा या मुलांत नव्हत्या, आणि वर्षाच्या मुलात तो रोग असा उफाळतही नाही.

मग एवढे तांबे आले कोठून? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटण्यासारखा नव्हता. त्यासाठी आईला विचारावयास हवे होते. कसबा पेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावर, रास्ता पेठेत, के. ई. एम. रुग्णालय आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी ज्या संस्थेला खेड्यापाड्यांकडे वळविले तीच ही संस्था. तेथे डॉ. पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडहून आलेले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी हे काम हाती घेतले. रोगी मुले पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून येत. डॉक्टरांनी त्यांच्या आयांना, आणि तुलनेसाठी निरोगी मुलांच्या आयांना, अगदी घरगुती प्रश्न विचारले: अंगावरचे दूध किती दिवस पाजले? वरचे दूध केव्हा सुरू केले? ते गाईचे की म्हशीचे? आणि ते कशात तापविता, कशात ठेवता?

उत्तरांत जे आढळले ते १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आणि १९८७ साली अधिक विस्ताराने प्रसिद्ध झाले. रोगी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले असे, आणि ते दूध बहुधा पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व साठविलेले असे. दुधाची तपासणी केली तेव्हा पितळेतील दुधात तांब्याचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक निघाले. पुढे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी त्याचे कारणही स्पष्ट झाले. दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणून दूध उघड्या पितळेत तापत व निवत राहिले की ते भांड्यातून तांबे शोषीत राहते. साध्या पाण्याचे असे होत नाही. गरिबांच्या घरी हा रोग कमी का, याचेही उत्तर यातच होते. त्यांच्याकडे मातीची किंवा जर्मनची भांडी. पितळ घ्यावयाची ऐपत कोठून असणार? ज्याला आपण घराची अब्रू म्हणत होतो तिचाच हा फटका होता.

तेच दूध मोठी माणसेही पीत, त्यांना काही होत नसे. बाळालाच ते का बाधावे? याचे उत्तर जन्मापूर्वीच्या काळात आहे. तांबे हे मुळात विष नव्हे, शरीराला ते थोडेसे लागतेच. आईच्या दुधात ते फार कमी असते. म्हणून निसर्गाने अशी योजना केली आहे की, गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आई आपल्या शरीरातील तांबे बाळाच्या यकृतात साठवून देते. बाळ जन्माला येते ते ही शिदोरी घेऊनच. पहिल्या काही महिन्यांत ती हळूहळू वापरली जावयाची असते. जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्तीही त्या वयात पुरती आलेली नसते. अशा आधीच भरलेल्या कोठारात पितळी दुधातले तांबे रोज येऊन पडू लागले, तर कोठार फुटणारच.

आईकडून पिलाकडे धातू जाण्याची ही गोष्ट माणसापुरती नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, मंडणगड तालुक्यातील वेळास येथे, ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालावयास येतात, आणि २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने त्यांचे रक्षण सुरू केले. जगातील निरनिराळ्या किनाऱ्यांवर शास्त्रज्ञांनी कासवांची अंडी व पिले तपासली, तेव्हा त्यांत पारा, शिसे, कॅडमियम असे जड धातू आढळले. मादी समुद्रात जे खाते त्यातील काही भाग बलकाबरोबर अंड्यात उतरतो. मादी वाळूत सुमारे शंभर अंडी पुरून निघून जाते. पिलाला ती पुढे काहीच देत नाही, ना अन्न, ना धातू. मनुष्याचे बाळ मात्र जन्मानंतरही वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हातून खाते. म्हणून कासवाच्या पिलाला जे विष फक्त आईच्या शरीरातून मिळते, ते माणसाच्या बाळाला आईच्या मायेतूनही मिळू शकते. बाळाला वरचे दूध मिळावे, ते उकळलेले असावे, घरातल्या चांगल्या भांड्यात असावे, अशीच त्या घराची इच्छा होती. येथे हेळसांड नव्हती, काळजीच होती, हे या साऱ्या प्रकरणातील अत्यंत दुःखाचे सत्य आहे. त्यातही अंगावरचे दूध बाळाला बाधते अशा समजुतीने एखाद्या घरी ते तोडले गेले असेल, तर जे दूध निर्धोक ते बंद झाले आणि धोक्याचे तेवढे वाढले.

कारण सापडल्यावर उपायाला दिशा मिळाली. विल्सनच्या रोगासाठी वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामिन हे औषध पुढे आणले होते. ते तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढते. पुण्यात तेच या मुलांना देऊन पाहण्यात आले. कावीळ उठल्यावर, रोग पुढे गेल्यावर, त्याचा गुण फारसा येत नसे. परंतु वेळीच दिले तर पुष्कळ मुले वाचली. १९९६ साली पुण्याच्या डॉक्टरांनी अशा वाचलेल्या मुलांची दीर्घकालीन पाहणी प्रसिद्ध केली. जो रोग म्हणजे मृत्यूची चिठ्ठी समजला जाई, त्यातून उठलेली ही मुले औषध थांबल्यावरही निरोगी राहिलेली दिसली. तथापि खरा उपाय औषधाहून सोपा होता: बाळाचे दूध पितळेतून काढून स्टीलमध्ये ठेवणे, आणि अंगावरचे दूध लवकर न तोडणे. हे सांगावयास मोठ्या यंत्रांची जरुरी नव्हती.

सर्वांनीच हे मत मान्य केले असे मात्र नाही, आणि तेही श्रोत्यांपुढे ठेवले पाहिजे. काही नामांकित भारतीय यकृततज्ज्ञांनी हरकत घेतली की, पितळेचा वापर कोट्यवधी घरांत होता, मग रोग थोड्याच मुलांना का? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे संभाव्य उत्तर युरोपातून आले. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात, आल्प्सच्या कुशीतील शेतकरी कुटुंबांत, १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले अशाच यकृतरोगाने दगावल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवीत. आणि ती भांडी गेल्यावर रोगही गेला. तेथील घराण्यांच्या वंशावळी पाहता असे दिसले की, काही मुलांत उपजत नाजूकपणा असावा. म्हणजे दोष एकट्या भांड्याचा नव्हे की एकट्या रक्ताचा नव्हे. दोन्ही एकत्र आले की घात होतो. परंतु रक्त बदलता येत नाही, पातेले बदलता येते. व्यवहाराच्या दृष्टीने एवढे पुरे आहे.

आणि पातेले बदललेच. स्टीलची भांडी स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोहोचली, पितळ मोडीत गेले, आणि एकोणिसशे नव्वदच्या दशकात हा रोग झपाट्याने ओसरून आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. ज्या विकाराचे वॉर्ड भरत, तो आज तरुण डॉक्टरांस पुस्तकातच भेटतो. या विजयाचे श्रेय डॉक्टरांच्या उपदेशाला किती आणि स्टीलच्या सवंगाईला किती, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे.

आता या इतिहासाचा निवाडा काय करावयाचा? तांबटाला दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्याने भांडे केले. भांड्याबरोबर कल्हईचे पथ्यही समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. आईला दोष देणे तर त्याहून मोठा अन्याय. आमच्या मते दोष अर्ध्या पाळलेल्या रीतीचा आहे. तांब्यापितळेचे भांडे आणि त्याची कल्हई ही एकाच रीतीची दोन अंगे होती. भांडे राहिले, कल्हई ढिली पडली. आंबटापुरते शहाणपण राहिले, ते दुधापर्यंत पोहोचले नाही. परंपरा म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूबरोबरचे ज्ञान होय. ज्ञान गळून वस्तू उरली म्हणजे तीच घात करते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. तांब्यापितळेला पुन्हा बरे दिवस येत आहेत. पाण्यासाठी तांब्याच्या बाटल्या, जेवणासाठी पितळी कढया शहरातील घरांत हौसेने येतात, आणि त्यामुळे तांबट आळीतील उरलेल्या हातांना काम मिळते, याचा आम्हाला आनंदच आहे. पण दारावर कल्हईवाल्याची हाक आता क्वचित ऐकू येते. भांडे घेताना त्याला कल्हई कोण करून देणार, ती शुद्ध कथिलाची असेल की शिसे मिसळलेली, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. शिसे मिसळलेली कल्हई म्हणजे एक विष टाळताना दुसरे पदरात घेणे होय, कारण शिसे मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून आमची विनंती एवढीच की, हंडा-घंगाळे हौसेने घ्यावीत, आंबट पदार्थ कल्हईखेरीज पितळेत ठेवू नयेत, आणि घरात तान्हे मूल असेल तर त्याच्या दुधाला उघड्या तांब्यापितळेचा स्पर्शही होऊ देऊ नये.

पुण्याच्या डॉक्टरांनी हा गुंता सोडविला तो आईशेजारी बसून, ‘बाई, दूध कशात तापविता?’ असे विचारून. शंभर वर्षे हा प्रश्न कोणाला महत्त्वाचा वाटला नव्हता, कारण तो चुलीपाशी विचारावयाचा होता. जी मुले या अवधीत गेली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. परंतु आज आपल्या घरांतील बाळे स्टीलच्या पातेल्यातले दूध पिऊन निर्धास्त वाढतात, त्यामागे त्या मुलांचे मरण आणि त्यांच्या आयांनी डॉक्टरांस दिलेली सरळ उत्तरे आहेत, हे पुणेकरांनी विसरू नये.